हरळीतली हिरवी पावलं

क्लब, कैरो
२ सप्टेंबर १९८६

प्रिय लुत्फीदादास,
हिल्मीचा स. वि. वि.

तुझं खोकं पोचलं. तुझा खोलीतला सोबती सुट्टीवर आला तो थेट क्लबच्या फाटकापर्यंत घेऊन आला आणि चहाही न घेता निघून गेला. त्याला माझ्या वतीनं दोन चांगले शब्द सांग. डास पळवायच्या स्प्रेचे सगळे डबे शाबूत आहेत, एकालाही पोचा नाही. मी नदीकाठच्या डासांबद्दल एकच ओळ लिहिली होती. तू कुवेतमधलं अर्धं दुकान पाठवलंस.

इथली बातमी अशी. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते गावी गेले, तेव्हापासून क्रोकेचं मैदान मी सांभाळतो खरा, पण हंगामी म्हणून. परवा चिटणीस बहगत बेग यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, नोव्हेंबरच्या सामन्यांना मैदान तुझ्या बापाच्या वेळेसारखं दिसलं तर त्याची जागा तुझ्या नावावर करू, नाहीतर कंत्राटदार येईल. तुझ्याकडे शाळेचा दाखला नाही, तेव्हा समितीपुढे तुझ्याऐवजी गवतालाच बोलू दे, असंही म्हणाले. तेव्हापासून मी गवताकडे जरा भीतभीतच बघतो.

तुझा स्प्रे मी आधी स्वतःच्याच पायांवर मारून पाहिला. तेवढ्यात निवृत्त न्यायाधीश शाफेई साहेबांनी पाहिलं, काय आहे ते विचारलं आणि आपला पाय पुढे केला. मग सगळ्यांनीच केला. सभासद बाईसाहेब नाझली हानिम व्हरांड्यात चहा घेत होत्या, त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, चहाला ढेकणांच्या औषधाचा वास येतोय. बेगसाहेबांनी लगेच हुकूम काढला, की हे काम व्हरांड्याच्या फरशीवर नको, खाली गवतावर करायचं. आता रोज संध्याकाळी मंडळी खेळायला उतरली, की एकेक जण गवतावर उभा राहतो आणि मी उकिडवा बसून त्याच्या घोट्यांभोवती फवारतो. आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही, असं त्यांचं चालू असतं, तोवर डास जेवून जातात.

तब्येतीला जप. दुपारच्या उन्हात गोदामाबाहेर फिरू नकोस. लोभ आहे तो राहू दे.

तुझा धाकटा,
हिल्मी

कुवेत
१७ सप्टेंबर

चि. हिल्मीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी खोलीत वाचून दाखवलं. एकही खाडाखोड नाही, म्हणून सगळे विचारतात, हा तुझा भाऊ कोर्टात कारकून आहे का. मी म्हटलं, नाही, तो गवताचा डॉक्टर आहे, आणि रोग्यापेक्षा त्यालाच जास्त ताप येतो.

आता थोरल्या भावाचं ऐक. आपल्यासारख्याला कागद नोकरी देत नाही. आपल्याला लोकांची सवय व्हावं लागतं. तुझ्याशिवाय पाय उघडा टाकायची त्या साहेबलोकांना धास्ती वाटली पाहिजे. हात आखडू नकोस, भरपूर मार. घोट्यावर मार, बुटावर मार, विजारीच्या कडेवर मार. डबे संपतील ही काळजी माझी. बाबांनी तीस वर्षं गवत राखलं, पण त्यांना नावानं कितीजण ओळखत होते ते आठव. तुला ओळखतील.

आणि जेवत जा. गावाहून आपल्या बहिणीनं, सनियानं लिहिलंय, की तू फोटोत क्रोकेच्या मोगरीच्या दांड्यासारखा दिसतोस.

तुझ्यावरचा माझा लोभ तिथल्या डासांइतका दाट आहे असं समज.

लुत्फी

क्लब, कैरो
२९ सप्टेंबर

आदरणीय बाबांना,
हात चुंबून हिल्मीचा स. वि. वि.

आपल्याला त्रास द्यायचा नव्हता, पण आता विचारल्यावाचून गत्यंतर नाही. मैदानावर पिवळे डाग पडले आहेत. आधी व्हरांड्याच्या पायऱ्यांखाली पडले, तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडलं असेल. मी नळीनं भरपूर पाणी दिलं. मग चेंडू घालायच्या पहिल्या कमानीजवळ पडले. आता मधोमध, जिथे चेंडू येऊन थांबतात तिथेही आहेत. डाग ताटाएवढा असतो, कधी दोन एकमेकांना लागून. आदल्या दिवशी हिरवं असलेलं गवत दुसऱ्या दिवशी कडेनं तेलकट, काळपट दिसतं आणि मग पेंढ्यासारखं होतं.

मी अळी शोधली. संध्याकाळी साबणाचं पाणी ओतून पाहिलं, काही वर आलं नाही. बुरशीसारखी साय नाही. युरिया मी टाकलेला नाही. उपटून पाहिलं तर मुळं पांढरी आणि घट्ट आहेत. मांजरांनी घाण केली म्हणावं, तर ती आपल्या वेळेपासूनचीच आहेत.

बेगसाहेब अजून रागावले नाहीत. डागापाशी उभे राहतात, माझ्याकडे बघतात आणि पुढे जातात. ते बोलले असते तर बरं झालं असतं. बाकी मंडळी माझ्यावर खूश आहेत. लुत्फीदादानं पाठवलेल्या स्प्रेमुळे खेळ आता दिवे लागल्यावरही चालतो आणि मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून मला हाका येतात. हे आपल्याला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

आपल्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचं काय ठरलं? आईला सलाम. सनियाला सांगावं, की मी जेवतो.

आपल्या आशीर्वादाच्या सावलीत,
हिल्मी

कफ्र अल-साकिया
६ ऑक्टोबर

चि. हिल्मीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सनियानं दोनदा वाचून दाखवलं. मी सांगतो ते ती लिहिते आहे. मधे आपलं काही घालू नकोस म्हणून तिला बजावलंय.

गवत कापायच्या यंत्राची टाकी बघ. खालचा वायसर गेला, की पेट्रोल थेंबथेंब गळतं आणि हरळी अशीच एका दिवसात करपते. मैदानावर यंत्रात पेट्रोल भरू नकोस, हे तुला लहानपणी कान धरून सांगितलं होतं. यंत्र स्वच्छ फरशीवर उभं करून ठेव आणि खाली कागद अंथर. कागद ओला झाला तर रोग सापडला.

अनवाणी चाल. डोळ्याला दिसायच्या आधी तळपायाला कळतं. डाग यंत्राच्या रेषेत आहेत, की माणसं उभी राहतात तिथे आहेत, एवढं नीट बघून लिही.

तुझी आई म्हणते नजर लागली. ती पेजो टॅक्सी चालवणाऱ्या ईद ड्रायव्हरकडे मिठाची पुडी देणार आहे, मैदानाच्या चारी कोपऱ्यांत उधळायला. मिठाला गवतापासून दूर ठेव. आईला मात्र उधळलं म्हणून कळव.

घाबरू नकोस. हरळी जिद्दी आहे, आपल्या घराण्यातलीच म्हण हवं तर.

तुझा बाप,
अब्दुलबदी

ता. क. सनियाकडून: तुला लहानपणी कान धरून सांगितलं ते मैदानावर नव्हे, आपल्या ओसरीवर. मी तिथे होते आणि तू रडला होतास. बाबा तुझी पत्रं उशाशी ठेवतात. वाचता येत नाहीत तरी चाचपून बघतात.

क्लब, कैरो
१५ ऑक्टोबर

आदरणीय बाबांना,
हात चुंबून स. वि. वि.

यंत्राखालचा कागद कोरडाच राहिला. मिठाची पुडी पोचली. ते मी स्वयंपाक्याला दिलं, बाकल्याच्या उसळीच्या पातेल्यात पडलं आणि सगळ्यांनी वाखाणलं. आईला उधळलं म्हणून सांगावं. पातेल्यात का होईना, उधळलंच आहे.

आपण विचारलं त्याचं उत्तर असं: डाग यंत्राच्या रेषेत नाहीत, माणसं उभी राहतात तिथे आहेत. आणि मागच्या पत्रात मी एक गोष्ट अपुरी लिहिली होती, ती आता नीट लिहितो. डाग सगळा पिवळा नसतो. मधे दोन हिरवे आकार उरतात, शेजारी शेजारी, बुटांच्या तळव्यांचे. भोवतीचं मेलेलं आणि पावलांखालचं जिवंत. जणू कोणी तिथे उभं राहून निघून गेलं आणि पाऊल तेवढं विसरलं.

हे माझ्याआधी नाझली हानिमनी पाहिलं. त्यांनी आपला पांढरा बूट त्या हिरव्या आकारात ठेवला आणि तो नेमका बसला. म्हणाल्या, कोणीतरी माझ्या पावलाची माती उचलून करणी करतंय, मला अंतिम सामना हरवायला. मी म्हटलं, माती जागेवरच आहे, हानिम. त्या म्हणाल्या, तू अजून मूल आहेस, तुला काय कळतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी धूपदान आणलं आणि ते घेऊन मला मैदानाभोवती फिरवलं. शाफेई साहेब व्हरांड्यातून ओरडले, की धुरानं डास गेले तर मी पण हानिमचा मुरीद, म्हणजे चेला, होईन. डास गेले नाहीत. प्रदक्षिणा झाल्यावर हानिमनी पाय पुढे केला आणि मी फवारा मारला.

ईदजवळ मातीसकट कापलेला एक तुकडा पाठवत आहे. ओल्या गोणपाटात बांधला आहे. आपण हात लावून पाहावं. मला आता काही सुचत नाही. सामने जवळ आले आहेत.

आपला,
हिल्मी

कफ्र अल-साकिया
२० ऑक्टोबर

चि. हिल्मीस,
अ. आ.

तुकडा पोचला. ईदनं तो आपल्या पायांशी ठेवून आणला, सुकू दिला नाही. मी गोणपाट सोडलं आणि नाकाशी धरलं.

मागच्या ईदच्या सणाला लुत्फी आला होता. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून तो पायांवर काहीतरी फवारायचा. त्यानंतर खिडकीतला सब्जा एका बाजूनं करपला आणि सनियानं शेजारच्या मांजराला महिनाभर शिव्या दिल्या. तोच वास या मातीला आहे. मी सनियालाही हुंगायला लावला. ती उठून सब्ज्याची कुंडी घेऊन आली.

तेव्हा रोग सापडला, पोरा. तू फवारतोस ते पायावर थोडं आणि गवतावर जास्त पडतं. बूट असतो तिथलं गवत वाचतं. आजपासून गवतावर फवारू नकोस. त्यांना फरशीवर, वाळूत, कुठेही उभं कर. झालेल्या डागांवर साबणाचं पातळ पाणी घालून भरपूर धुऊन काढ, आणि मग हात लावू नकोस. उन्हाळा असता तर ईद ड्रायव्हरची पुढची खेप येईपर्यंत भरून आलं असतं. आता थंडी लागेल आणि हरळी झोपी जाईल. सामन्यांपर्यंत भरेल असं मी तुला खोटं सांगणार नाही.

एक गोष्ट. लुत्फीला यातलं अक्षरही कळवायचं नाही. परमुलखात गोदामात राबून त्यानं हौसेनं पाठवलं. त्याला हे कळलं तर पुन्हा घरी काही पाठवताना तो दहादा विचार करेल.

तुझा बाप,
अब्दुलबदी

ता. क. सनियाकडून: मी मांजराची माफी मागितली. तुझ्याबद्दल मला वाईट वाटतंय, पण पत्रात रडायचं नाही असं बाबांनी बजावलंय.

क्लब, कैरो
१ नोव्हेंबर

आदरणीय बाबांना,
हात चुंबून स. वि. वि.

आपलं पत्र मिळताच मी बेगसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाले, यात लिहिलंय, लहान मुलांच्या अंगालाही चालतं. माझ्या नातवाला चालतं ते तुझ्या गवताला चालत नाही? तुझं गवत माझ्या नातवापेक्षा नाजूक आहे का? त्यांचं म्हणणं ऐकताना मलाही खरंच वाटत होतं.

मग मी अवजारांच्या खोलीमागे, कोणी जात नाही तिथे, स्वतः उभा राहून पायांवर फवारा मारला. दुसऱ्या दिवशी तसाच डाग पडला, मधे माझे दोन पाय. मी बेगसाहेबांना नेऊन दाखवला. ते म्हणाले, म्हणजे डाग तूच पाडतोस, हे तूच दाखवलंस. मी म्हटलं, हो साहेब, पण आपल्या हुकुमावरून. हे मी बोलायला नको होतं. ते पाठ फिरवून निघून गेले.

एक फळी आणून गवताच्या कडेला ठेवली आणि मंडळींना त्यावर उभं राहायची विनंती केली. शाफेई साहेब म्हणाले, आयुष्यभर मी लोकांना पिंजऱ्यात उभं केलं, आता तू मला करणार? सगळे हसले. तेही हसतच फळीवरून उतरले आणि गवतावर उभे राहिले. नाझली हानिमनी तर फळीला बूटही लावला नाही. दुसऱ्याच्या अंथरलेल्या वस्तूवर पाय ठेवायचे दिवस नाहीत म्हणाल्या.

शेवटी मी डबे लपवले. संपले म्हणून सांगितलं. दोन संध्याकाळ मैदान शांत होतं. लोक पाय आपटत खेळले, पोटऱ्या खाजवत घरी गेले आणि जाताना माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या घरचं पाणी तोडलंय. लुत्फीदादाला मी पत्र टाकलं आहे, की डबे भरपूर झाले, आता पाठवू नकोस. कारण लिहिलं नाही. आपण सांगितलं तसंच केलं.

साबणाचं पाणी रोज घालतो. थंडी लागली आहे.

आपला,
हिल्मी

कुवेत
३ नोव्हेंबर

चि. हिल्मीस,
अ. उ. आ.

तुला न विचारता एक काम केलं. रागावू नकोस. तुझा तो बेग तुला जागा द्यायला मागेपुढे करतोय हे माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हा दोन मोठी खोकी थेट त्याच्याच नावावर पाठवली. आमच्या मुकादमाचा जावई विमानानं येतोय, तो हाती देईल. सोबत पत्र लिहिलं, चार माणसांना विचारून, तुझ्यासारखं नेटकं. लिहिलं, की माझा धाकटा भाऊ हिल्मी आपल्या पायांची सेवा करतो हे आमच्या घराण्याचं भाग्य. हे डबे संपले तर आणखी येतील, पण ते मारणारा हात मात्र तोच असू द्यावा.

कसं आहे? बाबांना वाचून दाखव म्हणावं सनियाला. ते नेहमी म्हणायचे, लुत्फी घराबाहेर पडला आणि गवताशी त्याचं नातं तुटलं. बघा म्हणावं.

तुझ्या नेमणुकीची बातमी आली, की इथे मी सगळ्या खोलीला बसबूसाची मिठाई खायला घालणार आहे.

आपला लोभ विमानाच्या पाठोपाठ पाठवतो,
लुत्फी

क्लब, कैरो
२४ नोव्हेंबर

आदरणीय बाबांना,
हात चुंबून स. वि. वि.

उशीर झाला, क्षमा असावी. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

माझं पत्र कुवेतला पोचायच्या आत लुत्फीदादाची खोकी बेगसाहेबांकडे पोचली. त्यांनी ती समितीसमोर उघडली आणि दादाचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मला हाक आली. त्यानंतर सामने संपेपर्यंत मी फवारतच होतो, पाहुण्या खेळाडूंनाही. प्रत्येक जण आपल्या आवडीच्या जागी उभा राहायचा. मी खाली बसून एका हातानं फवारायचो आणि दुसरा हात गवतावर आडवा धरायचो. त्यानं किती अडतं ते आपल्याला कळेलच.

अंतिम सामन्यात नाझली हानिमचा चेंडू शेवटच्या कमानीकडे सरळ निघाला होता. वाटेत डागाची कड लागली, तिथलं गवत मेलेलं, चेंडू वळला आणि हिरव्या पावलाशी जाऊन थांबला. त्यांच्याच पावलाशी. त्या हरल्या. माझ्याजवळून जाताना तेवढं म्हणाल्या, की पाहिलंस ना.

समितीचा निर्णय काल लागला. मैदान कंत्राटदाराकडे. हानिमनी आग्रह धरला, की नुसतं गवत बदलून भागणार नाही, माती हातभर खणून नदीपलीकडे टाका, कोणाच्या पावलाचा माग उरता कामा नये. त्यांना कोणी नाही म्हटलं नाही. सोमवारी खणायला येणार.

मला कायम केलं आहे, बाबा. आपल्या जागेवर नाही. व्हरांड्यातला सेवक म्हणून, पांढरं जाकीट देऊन. हानिम स्वतःच माझ्या बाजूनं बोलल्या. म्हणाल्या, पोराचा हात चांगला आहे, करणी दुसऱ्या कोणाचीतरी, त्याला का उपाशी मारता. दादाच्या पत्राचाही उल्लेख झाला. बेगसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की नव्या मैदानावर कंत्राटदार कोणाला उतरू देणार नाही महिनाभर, तोवर फवारणी फरशीवर कर. मी आभार मानले.

ईदजवळ एक गोणी पाठवत आहे. आपण तीस वर्षांपूर्वी लावलेली हरळी आहे, खणायच्या आधी काढली. सगळीकडे डागच होते, तेव्हा जिवंत असं जे पावलांखाली उरलं होतं तेवढंच खुरप्यानं कडेकडेनं कापून घेतलं. डावे-उजवे एकत्र झाले आहेत, क्षमा असावी. आणखी काही वाचवता आलं नाही.

आपला,
हिल्मी

क्लब, कैरो
२६ नोव्हेंबर

प्रिय लुत्फीदादास,
स. वि. वि.

तुझी खोकी आणि तुझं पत्र फार उपयोगी पडलं. मला कायम केलं. सगळे तुझं नाव घेतात. खोलीला बसबूसा खायला घाल.

इथे सर्व ठीक. लोभ तसाच राहू दे, त्यात काही बदल करू नकोस.

हिल्मी

कफ्र अल-साकिया
८ डिसेंबर

चि. हिल्मीस,
अनेक आशीर्वाद.

गोणी पोचली. सनियानं तुकडे ओसरीवर मांडले आणि मी एकेक हातात घेतला. तू कड इतकी नीट कापली आहेस, की बूट चाचपतोय असं वाटलं. एकाची टाच फार रुंद आणि एका बाजूनं झिजलेली. ते शाफेई साहेब. ते वकील होते तेव्हापासून डावा पाय ओढतात. एक लहान, पुढे निमुळता. त्या नाझली हानिम. त्या नव्यानं लग्न होऊन क्लबात आल्या तेव्हा त्यांचा पहिला चेंडू नदीत गेला होता आणि मी तो काढून दिला होता. त्यांना ते आठवत नसेल. बेगसाहेबांचे तर तिन्ही तुकडे ओळखले. ते टाचांवर जोर देऊन उभे राहतात. बाकीचे नव्या लोकांचे असतील, मला माहीत नाहीत.

अंगणात लावले. तुझ्या आईनं सगळ्यांची बोटं दाराकडे केली आहेत. म्हणते, इतके मोठे लोक दारात उभे आहेत, चहा आधी कोणाला द्यायचा. सकाळी मी त्यांच्यावरून अनवाणी चालतो. थंडीत वाढणार नाहीत. उन्हाळ्यात एकमेकांत शिरतील आणि मग कोणाचं पाऊल कुठलं हे मलाही सांगता येणार नाही.

तू पांढरं जाकीट घाल आणि काम नीट कर. त्यात कमीपणा मानू नकोस. त्यांचे पाय फवारताना हात आडवा धरत होतास ते सनियानं वाचलं तेव्हा मी तिला थांबायला सांगितलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

लुत्फीचं पत्र आलं आहे. पुढच्या ईदच्या सणाला तो येतो. तुझ्या नेमणुकीनं तो इतका खूश आहे, की घरासाठीही एक खोकं घेऊन येणार आहे, आई आणि सनियाच्या पायांसाठी. येईल आणि नेहमीसारखा संध्याकाळी अंगणात उभा राहून फवारा मारेल. त्याला फरशीवर जा म्हणावं, तर का म्हणून विचारेल. काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुझ्या आईलाही नाही, सनियालाही नाही. तुला काही सुचलं तर सणाच्या आत कळव.

आमचा सगळ्यांचा लोभ तुझ्यापाशी आहे, सांभाळ.

तुझा बाप,
अब्दुलबदी